आजोबांचा निळा पाळणा आणि दहा हजारांचं बजेट

पत्र आलंय डोंबिवलीहून. मुलीने लिहिलंय:

"ताई, सातवा महिना चालू आहे, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिलीय. आमचं वन बीएचके. बेडरूमच्या खिडकीजवळचा कोपरा बाळासाठी करायचाय. इन्स्टावर सगळ्यांच्या नर्सरी बघून एका डेकोरेटरला विचारलं तर त्याने ८५ हजार सांगितले, आमच्याकडे त्यासाठी जेमतेम १० आहेत. गावी राजापूरला माझ्या आजेसासऱ्यांच्या वेळचा सागवानी पाळणा आहे, त्याला कधीतरी निळा ऑइलपेंट मारलाय. शिवाय ट्रंकभर जुन्या साड्या, एक-दोन गोधड्या, माझ्या नवऱ्याची लहानपणीची कुंची. मला शिवणकाम येतं, क्रोशा थोडाफार. बहिणीने बंपर (पाळण्याच्या आतून कडेने बांधायच्या गाद्या), कॅनोपी (वरचं कापडी छत), उशांचा सेट असे फोटो पाठवलेत, म्हणते हे तरी घेच. माझी आई बाळंतपणाला इकडेच येणार आहे, तिला झोळी बांधायचीय. सासूबाई म्हणतात बाळ येईपर्यंत घरात काही म्हणजे काही आणायचं नाही. आणि मला रात्री झोप लागत नाही, वाटतं पहिल्याच बाळाला आपण सगळं जुनंपानं देतोय. काय करू?"

अगं, आधी ते शेवटचं वाक्य घेऊया, कारण झोप त्यानेच उडालीय. आपल्याकडे बाळाला पहिलं जुनंच घालायची पद्धत होती, आठवतंय का, घरातल्या नाहीतर शेजारच्या धडधाकट पोराचं धुऊन मऊ झालेलं झबलं मागून आणायचे. त्यात पैसे वाचवणं नव्हतं, नवं कापड कडक असतं, खळ असते, शिवण टोचते, आणि पन्नास वेळा धुतलेल्या सुती कापडाइतकं मऊ काही दुकानात मिळत नाही. बाळंतविडा म्हणजे तरी काय होतं, दुपटी, लंगोट, झबली, टोपडी, एक कुंची, एक गोधडी, एखादा खुळखुळा, सगळं घरातल्या बायकांच्या हातचं. तू जे करायला निघालीयेस ते हेच आहे, फक्त त्याला आता नर्सरी म्हणतात.

आणि दुसरं म्हणजे नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचंच नीट दिसतं. म्हणजे दूध पिताना आईच्या छातीपासून आईच्या चेहऱ्यापर्यंत जेवढं अंतर तेवढं. भिंतीवरचा जिराफ, ढग, चंद्र त्याला पहिले काही आठवडे नुसते धूसर. त्यामुळे ८५ हजारांची भिंत बाळासाठी नसतेच, ती आपल्यासाठी असते. आपल्यासाठी सजवण्यात काही वाईट नाही हं, तू महिनोन्महिने रात्री तीन वाजता त्या कोपऱ्यात बसणारेस, तो तुला आवडलाच पाहिजे. पण पैसे कमी म्हणून बाळाचं काही कमी पडतंय हे मनातून काढून टाक.

आता सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नकोस, खरंच नको. ज्यांनी आधीच्या पिढीत काही बघितलेलं असतं, घरात एखादं बाळंतपण नीट पार पडलेलं नसतं, त्या बायका असं बोलतात आणि कारण सांगत नाहीत. आणि तुझ्या बाबतीत त्यांचं ऐकणं सोयीचं पण आहे. पाळणा राजापूरलाच राहू दे, त्याचं काम तिकडेच करायचंय (का ते खाली सांगते), बाळ झालं की कोणीतरी घेऊन येईल, बारशाला बाराव्या दिवशी लागणार तेव्हा हजर. इथे घरात तुला करायचंय ते भिंत, पडदा, फळ्या, साफसफाई, त्याला कोणी बाळाची खरेदी म्हणत नाही. आणि साड्यांचं शिवण सासूबाईंनाच घेऊन कर. त्यांचीच साडी मागून घे. मी पैजेवर सांगते, स्वतःची साडी फाडून दिली की त्या तुझ्या शेजारी बसून दोरा ओवतील.

पाळण्याचं नीट ऐक कारण यात धोका आहे. तो निळा ऑइलपेंट. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं, रंग गडद यावा, लवकर वाळावा म्हणून. आपल्याकडे घरगुती रंगांमधल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम २०१६ साली आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले, म्हणजे त्याच्या आधीच्या कुठल्याही रंगाबद्दल आपण खात्री देऊ शकत नाही, आणि तुझा पाळणा तर कितीतरी जुना. बाळाला दात यायला लागले की ते पाळण्याची कड चावतं, सगळीच चावतात. शिसं पोटात गेलं की मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि तो भरून निघत नाही. आणि तुझ्यासाठी आत्ताच महत्त्वाचं, रंग कोरडा घासला की जी धूळ उडते ती सगळ्यात वाईट, गरोदरपणात श्वासातून गेलेलं शिसं वारेतून, म्हणजे प्लासेंटामधून, बाळापर्यंत जातं. म्हणून पाळण्याला पॉलिश पेपर घेऊन तू बसायचं नाहीस, डोंबिवलीच्या बाल्कनीत नवऱ्यानेही बसायचं नाही. गावच्या सुताराला सांगा, घरापासून लांब, खाली प्लास्टिक पसरून, तोंडाला मास्क लावून, रंग ओला करून वॉटर पेपरने काढायचा, खरवडलेलं सगळं गोळा करून बांधून टाकायचं, अंगणात कोंबड्या आणि पोरं असतात तिथे झटकायचं नाही. मग पाळणा दोन-तीनदा साबणाच्या पाण्याने पुसून उन्हात. आतून सागवान निघालं की वर परत रंग लावूच नका, लाखेचं पॉलिश करून घ्या, सुतार त्याला स्पिरिट पॉलिश म्हणेल, ते लाख स्पिरिटमध्ये विरघळवून करतात, स्पिरिट उडून जातं आणि लाख राहते, सागाचे रेघारेघांचे पट्टे इतके सुंदर दिसतात की निळा रंग मारणाऱ्याचा राग येईल.

पण रंग काढायला सांगायच्या आधी एक माप घ्यायला सांग. दोन गजांमधलं अंतर. ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर त्यात बाळ झोपवायचं नाही, कारण अंग निसटून डोकं अडकू शकतं. टेप नसेल तर कोल्ड्रिंकचा साधा कॅन उभा धरून गजांमधून घालून बघा, गेला तर फट मोठी. तिकडे ज्या कोणाला फोन करशील त्याला फोटो काढायला सांग, टेप धरून. मग सगळे सांधे हलवून बघायचे, वाळवी-भुंग्याची भोकं बघायची, कड्या आणि साखळ्या झिजल्यात का ते बघायचं, कोपऱ्यांवर बाहेर आलेले लट्टू असतील ज्यात झबलं अडकेल तर ते कापून गोल करायचे. हे सगळं ठीक निघालं तर त्यात बाळ बिनधास्त झोपव, रात्री झोका बांधून ठेव म्हणजे हलणार नाही. आणि हातांवर रेटा देऊन उठायला, कुशीवर वळायला लागलं की झुलता पाळणा बंद, साधारण चौथा-पाचवा महिना धर.

आणि ठीक नाही निघालं तर? तर वाईट वाटून घेऊ नकोस. बारसं त्याच पाळण्यात कर, गोविंद घ्या गोपाळ घ्या करायला तो उत्तम आहे, सगळे भोवती उभे असतात. फोटो काढ. नंतर त्याच्यात पुस्तकं, मऊ खेळणी, दुपट्यांच्या घड्या, खिडकीजवळ टेकवून ठेवलेला तो पाळणाच तुझ्या कोपऱ्यातली सगळ्यात देखणी वस्तू असेल. बाळ तुमच्या खोलीत, तुमच्या पलंगाला लागून पण स्वतःच्या सपाट जागेत झोपेल, आणि डॉक्टरही हेच सांगतात की निदान पहिले सहा महिने बाळ आईबापांच्या खोलीतच असावं. त्यामुळे वेगळी खोली नाही याचंही दुःख करू नकोस, कोपराच हवा असतो.

आता बहिणीचा सेट. बंपर नको, कॅनोपी नको, उशा नकोत. यात मी अजिबात ऐकणार नाही. पाळण्यात फक्त बाळ आणि घट्ट खोचलेली चादर. गादी पातळ आणि कडक, हाताने दाबली तर खड्डा राहायला नको. बाळ पाठीवर. पहिलं वर्षभर उशी नाही, मऊ खेळणं नाही, सैल पांघरूण नाही, नाकातोंडावर आलं तर एवढ्याशा बाळाला बाजूला करता येत नाही. अमेरिकेत २०२२ साली कायदा करून फुगीर बंपर विकायलाच बंदी केलीय, आणि आपल्याकडे ते सेटमध्ये रिबिन लावून भेट देतात. आपली राईची उशी पण यातच आली. मला माहितीय ती प्रत्येक घरात देतात, डोकं गोल व्हावं म्हणून, माझ्या आईने पण माझ्या मुलीसाठी शिवली होती. शिवण उसवली की मोहरी बाहेर येते, आणि उशीने मान पुढे वाकते, श्वासाची वाट अरुंद होते. डोकं गोल राहायला बाळ जागं असताना पोटावर झोपवायचं, आपण समोर बसून, आधी दोन-तीन मिनिटं मग हळूहळू जास्त.

झोळीचंही तसंच बघ. आईला नाही म्हणू नकोस पण झोळी रात्रीच्या झोपेला नको. बाळ तिच्यात गोळा होतं, हनुवटी छातीला टेकते. आईच्या हातात दोरी आणि नजर बाळावर असेल तेव्हा रडणारं बाळ शांत करायला पाच-दहा मिनिटं ठीक, डोळा लागला की उचलून सपाट जागेवर. हे आईला तू सांगण्यापेक्षा पुढच्या तपासणीला तिला घेऊन जा आणि डॉक्टरांना तिच्यासमोर विचार, आया डॉक्टरांचं ऐकतात.

म्हणजे झोपायच्या जागेत काही नाही. पण तिच्या बाहेर तू हवं ते कर, आणि इथे तुझा हात आणि ती ट्रंक दोन्ही कामाला येणार.

ट्रंक उघडताना पहिलं नाक लाव. डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय का? हे खूप कमी जणींना माहीत असतं म्हणून थोडं लांबण लावते. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, जन्मल्यावर ते दिसत नाही, तपासणी केली तरच कळतं. अशा बाळांना डांबरगोळीत ठेवलेल्या कपड्यांमधून सुद्धा त्रास होतो, तांबड्या पेशी फुटतात, कावीळ चढते. म्हणून गोळ्यांच्या वासातलं झबलं, दुपटं, गोधडी नवजात बाळाच्या अंगाला नको, एकदा धुऊन वास गेला असं वाटलं तरी नको. त्या साड्या धुऊन आठ-पंधरा दिवस कडक उन्हात घाल आणि पडद्याला, भिंतीला वापर. अंगाला लागणारं सगळं अशा साड्यांमधून कर ज्या कपाटात साध्या ठेवलेल्या होत्या. आणि इथून पुढे तुझ्या कपाटात कडुनिंबाची वाळलेली पानं, लवंगा, वेखंडाचा तुकडा पुरचुंडीत बांधून ठेव, डांबरगोळी घरातून हद्दपार.

साडी निवडताना सुतीच. नायलॉन, जॉर्जेट, पॉलिएस्टर कितीही मऊ असलं तरी घाम शोषत नाही. ओल्या पांढऱ्या फडक्याने जोरात घासून बघ, रंग उतरला तर ती भिंतीकडे. जरीचे काठ उसवून वेगळे काढ, टोचतात, पण टाकू नकोस.

साडेपाच मीटरच्या साडीचे ९० सेंटीमीटरचे सहा तुकडे होतात. चार तुकडे एकावर एक ठेवून गोधडी, उरलेल्या दोनाची दुपटी, एका साडीत झालं. तू ऑगस्टची आहेस, हे विसरू नकोस, पावसाळ्यात डोंबिवलीत जाड गोधडी तीन दिवस वाळत नाही आणि कुबट वास येतो, त्यामुळे जाड गोधडी एकच कर आणि दुहेरी कापडाची पातळ दुपटी भरपूर, दहा-बारा तरी. पातळ दुपटं पंख्याखाली रात्रीत वाळतं.

गोधडी माझी आजी कशी घालायची ते सांगते, तू शिवतेस म्हणजे लगेच कळेल. फरशी पुसून कोरडी करायची. खालचा तुकडा अंथरायचा, चारी कोपऱ्यांवर पाणी भरलेले तांबे ठेवायचे म्हणजे ताण बसतो. त्यावर दुसरा, तिसरा, प्रत्येक वेळी तळहात मधून कडेकडे फिरवायचा, एकही सुरकुती आत राहू द्यायची नाही. सगळ्यात वरचा तुकडा सगळ्यात आवडत्या साडीचा. मग लांब लांब टाचे घालून सगळे थर एकमेकांना धरायचे. कड दुमडायची आणि धावदोरा सुरू, कडेपासून आत, चौकोनात चौकोन, दोन ओळींत एक बोट अंतर. दोरा ओढताना फार घट्ट नाही, एवढाच की कापडावर पाण्यासारखी बारीक लहर उठावी. ती लहर म्हणजे गोधडी, मशीनने मारली तर ती येत नाही. आजी ओळ संपली की सुई कापडात खोचून उठायची आणि परत बसताना आधी अंगठ्याने शेवटचा टाका चाचपायची, मला अजून ती बोटं दिसतात. तुला पोटामुळे खाली बसवणार नाही, थर जुळवायचं काम नवरा आणि सासूबाईंकडे दे, टाचे घातले की मग मांडीवर घेऊन खुर्चीत बसून शिवता येतं. रोज चार ओळी केल्यास तरी जूनअखेर होईल. ही गोधडी बाळ झोपल्यावर अंगावर टाकायची नाही, ती मांडीवर, जमिनीवर खेळायला, पोटावर झोपवायच्या त्या पाच मिनिटांसाठी, बाहेर नेताना गुंडाळायला.

चिमणाळं, म्हणजे बाळाच्या वर टांगायचं चिमण्यांचं खेळणं, करायचं असेल, आणि कर, क्रोशा येतो ना. पण दुकानातली चिमणाळी बाजूने बघायला सुंदर असतात, बाळ बघतं खालून, त्याला दिसतात नुसती पोटं! म्हणून चिमणी शिवताना नक्षी पोटाला. काळा-पांढरा पट्टा, लाल ठिपका, असं ठसठशीत, फिकट गुलाबी-पिस्ता रंग त्याला पहिल्या महिन्यांत कळतच नाहीत. कशिद्याची जुनी लाकडी रिंग घे, तिला काठाची पट्टी गुंडाळ, पाच चिमण्या बास. डोळे दोऱ्याने भर, मणी नाही, बटण नाही, टिकली नाही, घुंगरू तर नाहीच. माझ्या मुलीच्या चिमणाळ्याला मी हौसेने घुंगरं लावली होती, पाचव्या महिन्यात एक दिवस अंघोळीला काढताना तिच्या मुठीत एक सापडलं. मूठ घट्ट मिटलेली होती. त्या रात्री मी घरातली सगळी घुंगरं उसवली. तर चिमणाळं पाळण्यावर नको, कपडे बदलायची जागा असेल तिच्यावर बांध, बाळाचा हात पोचणार नाही असं, आणि बाळ हातांवर उठायला लागलं की चिमणाळं उतरवून खिडकीत लाव. बाळाच्या आसपास कुठलीही दोरी, नाडी, पडद्याची दोरी वीतभरापेक्षा लांब लोंबकळता कामा नये.

बारीक वस्तूंसाठी एक जुनी युक्ती, घरात कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी असेल तर जपून ठेव, जे तिच्यात मावतं ते बाळाच्या घशात अडकू शकतं. पुढे तीन वर्षं ती डबी कामाला येते.

भिंतीसाठी ती कुंची! नवऱ्याची कुंची पेटीत कशाला, तिचा पाठीवर सोडलेला भाग पसरून फ्रेम कर, काचेऐवजी अॅक्रिलिक लाव, फुटलं तरी तुकडे नकोत. शेजारी दोन-तीन कशिद्याच्या रिंगांमध्ये साड्यांचे तुकडे ताणून, एकात जरीचा काठ, एकात पदराची कोयरी. बस, एवढंच. पाळण्याच्या आणि तुझ्या डोक्याच्या वर मात्र काही टांगू नकोस. पडदा कोणाच्या तरी लग्नातल्या सुती साडीचा, आतून जुन्या चादरीचं अस्तर म्हणजे दुपारी अंधार होतो.

गावच्या घरात घडवंची पडलीय का विचार. पूर्वी अंथरुणांच्या घड्या ठेवायला असायची ती, खाली लंगोट, वर दुपटी, तुझं तीन-चार हजारांचं चेंजिंग युनिट वाचलं, फक्त भिंतीला पट्टीने स्क्रू करून टाक, पोरं धरून उभी राहतात आणि ओढतात. ट्रंक ठेवणार असशील तर झाकण काढून ठेव नाहीतर बोटं चिरडतात. पितळी डबा कापसाला. आरामखुर्ची दिसायला फार छान पण दूध पाजायला वाईट, पाठ मागे पडते आणि बाळ पुढे, साधी सरळ पाठीची खुर्ची घे आणि पायाखाली लाकडी पाट ठेव, गुडघे थोडे वर आले की हात भरून येत नाहीत. रात्री झिरोचा पिवळा दिवा.

गावाकडच्या कोणाचं सावंतवाडीला जाणं होणार असेल तर चितारआळीतून लाकडी खेळणी मागव, पण रंगवलेली फळं-भाज्या फळीवर उंच, शोभेला, तोंडात घालायची नव्हेत. चघळायला काही घेशील तर ते आयएसआय मार्क बघूनच, खेळण्यांना २०२१ पासून तो सक्तीचा आहे. गावच्या कारागिराकडे मार्क नसतो कारण नोंदणीकृत हस्तकलेला त्यातून सूट दिलीय, तिथे रंग कशाचा हे विचारायचं आणि शंका आली तर बिनरंगाचं लाकूड घ्यायचं. पांगुळगाडा मिळाला तर घेऊन ठेव, वर्षभराने लागेल, बाळाला आत बसवायचा चाकांचा वॉकर मात्र कोणी दिला तरी नको.

पैसे माझ्या मते असे जातील. सगळ्यात आधी खिडकीखालची भिंत बघ, ओल आहे का. डोंबिवलीत असतेच. असेल तर दोन-अडीच हजार तिथे घाल, वॉलपेपर आणि स्टिकर लावून ओल झाकू नकोस, आत बुरशी धरते आणि ती बाळाच्या छातीत जाते. रंग आत्ता मे महिन्यात लावून घे, तू त्या दोन दिवस दुसरीकडे राहा, ऑगस्टपर्यंत वास पूर्ण जातो. सुतार आणि पॉलिश दोन हजार धर, नवी कडक गादी मापाची करून घ्यायला दोन हजार, गादी मात्र जुनी नको. छत्रीची मच्छरदाणी पाचशेच्या आत, पावसाळ्यातल्या बाळाला ती हवीच, जाळी अंगावर पडणार नाही अशी ताठ घे. दोरा, रिंगा, अॅक्रिलिक, फ्रेम मिळून हजार. उरतात दोन हजारांच्या आसपास, ते खर्च करू नकोस, बाळ आल्यावर काय लागतंय ते तेव्हाच कळतं.

तर राजापूरला फोन आज रात्रीच कर. गजांचं माप आणि फोटो मागव आणि सुताराला पंधरा दिवसांत काम संपवायला सांग, कारण जूनमध्ये कोकणात पाऊस लागला की हवा दमट होते आणि लाखेच्या पॉलिशवर पांढरट डाग उठतात, मग ते दिवाळीपर्यंत थांबावं लागतं.